पावसाच्या गटारातलं बिनपावसाचं पाणी

सोयराबाईंना धक्का बसायला मोठं कारण लागत नसे. पुण्याहून आलेली सून सुचेता आमटीत गूळ घालते हे कळलं, तेव्हा त्या दीड दिवस भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पण शहाण्णव सालच्या आषाढात, सकाळी साडेसहा वाजता, हातात रांगोळीची वाटी धरून फाटकाबाहेर उभ्या असताना त्यांना जो धक्का बसला, त्याच्यापुढे गूळ काहीच नाही. अकरा दिवस पावसाचा टिपूस नव्हता, आणि फाटकासमोरचं पावसाचं गटार वाहत होतं. वाहत होतं म्हणजे कसं, तर पुढे साबणाचा फेस, त्यावर भाताची शितं, आणि मागाहून आणखी काहीबाही, ज्याचं नाव सोयराबाईंनी घेतलं नाही, तर आपणही घेऊ नये.

आता बंगळुरात, बनशंकरीतल्या त्या गल्लीत, म्हणजे चौथ्या क्रॉसवर, दोन वाटा होत्या पाण्याच्या. रस्त्याच्या कडेनं दगडी गटार, ते पावसाचं. रस्त्याच्या मधोमध जमिनीखालून जाडजूड नळ, त्यावर जागोजाग लोखंडी झाकणं, ती लाईन न्हाणीघर आणि संडासाची. एक सोवळ्यातलं, एक ओवळ्यातलं. दोघांची पंगत एकत्र बसत नाही. सोयराबाईंचं शिक्षण निपाणीच्या शाळेत दुसरीपर्यंत झालं होतं, पण एवढं कळायला दुसरी पुष्कळ झाली.

गटारावर आधी लाद्या होत्या, म्हणून आत काय चाललंय ते कुणाला दिसत नसे. उन्हाळ्यात ते उपसायला माणसं आली. उताराच्या खालच्या टोकापासून एकेक लादी उचलत, गाळाचे ढीग रस्त्यावर घालत ती वर सरकली, बरोबर सोयराबाईंच्या फाटकापर्यंत पोचली, आणि जेवायला म्हणून गेली ती अजून जेवतायत. त्यामुळे फाटकापासून खालचं गटार उघडं, वरचं झाकलेलं, आणि घाण त्या शेवटच्या लादीखालून बाहेर येत होती. म्हणजे वरच्या घरांतून येत होती. हे कळायला तर दुसरीसुद्धा लागत नाही, सोयराबाई म्हणाल्या.

म्हणाल्या त्या नवऱ्याला. आप्पाजी घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलण्यापेक्षा वेळ बघणं त्यांना जास्त जमायचं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, सहा चौतीसला पाणी वाढलं, सहा एक्केचाळीसला कमी झालं. बाईंनी विचारलं, याचा उपयोग काय. आप्पाजी म्हणाले, नोंद.

उताराच्या खालच्या घरात विमलाबाई राहायच्या. नाकाला पदर लावूनच त्या फाटकापाशी आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की वास तुमच्या फाटकाकडून येतोय अक्का, स्वल्प, म्हणजे जरासं, बघा. चौथ्या क्रॉसवर सोयराबाईंना सगळे सोयराक्का म्हणत. गल्लीत सगळ्यांत आधी बांधलेलं घर त्यांचं, डोहाळजेवणाला पहिली ओटी त्यांच्या हातची, कुठं काय शिजवावं आणि कुणाच्या मुलीचं कुठं जमवावं यात शेवटचा शब्द त्यांचा. त्या सोयराक्कांना कुणीतरी वासाबद्दल स्वल्प बघायला सांगत होतं. त्यांनी विमलाबाईंना सरळ सांगितलं की आमच्या घरातनं उदबत्तीचा वास येतो, दुसरा येत नाही. आणि घरात जाऊन एकापाठोपाठ एक तीन पेले पाणी प्यायल्या.

मग सल्ले सुरू झाले. या गल्लीत कुणाला ताप आला तर औषध एक मिळायचं आणि सल्ले बारा. कुणी म्हणालं ब्लीचिंग पावडर टाका. कुणी म्हणालं पावडरनं वास मरतो पण डोळे जातात, फिनेल ओता. कोपऱ्यावरच्या निवृत्त तहसीलदारांनी सांगितलं की ईशान्येला वाहणारी घाण फार वाईट, फाटक दक्षिणेला न्या. आप्पाजींनी हळूच सांगून पाहिलं की फाटक हलवलं तरी गटार तिथंच राहील. तहसीलदार म्हणाले, गटार राहू दे, दोष जाईल. सोयराबाईंनी ब्लीचिंग पावडरही टाकली, फिनेलही ओतलं. दोन्ही वास एकत्र झाल्यावर जे तयार झालं त्याला फक्त विमलाबाईच योग्य शब्द देऊ शकल्या असत्या, पण त्या खोकत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुधाच्या बूथवर, रांगेतल्या दहाबारा बायकांसमोर, सोयराबाईंनी शब्द देऊन टाकला. ज्याच्या घरातली घाण गटारात येतेय तो मी शोधून काढीन, आणि जोवर ते घर ती बंद करत नाही, तोवर या गल्लीतली एकही सवाष्ण त्या घरचं हळदीकुंकू घेणार नाही. बायकांनी बोटांवर दिवस मोजले. वरमहालक्ष्मीचा शुक्रवार चार आठवड्यांवर आला होता. बंगळुरात त्या दिवशी दाराला कुणी आलं नाही, तर पोलीस येणं बरं.

संशय कुणावर, हे सांगायची गरज नव्हती. फाटकाला लागून वरचं घर पवित्राचं. नवरा शिवकुमार हायस्कुलात कन्नड शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी इथं आले होते, आणि गेल्या वर्षी त्यांनी माडीवर नवं न्हाणीघर बांधलं होतं. सोयराबाईंचा हिशेब साधा होता. जुन्या घरांची घाण जुन्या वाटेनं जाते. नवी घाण नव्या न्हाणीघरातनंच येणार.

तक्रार द्यायची ठरली, आणि तिथून खऱ्या अर्थानं माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा सुरू झाली. पहिलं ऑफिस गटाराचं. तिथल्या साहेबांनी विचारलं, पाणी पावसाचं आहे का? नाही. मग आमचं नाही, आम्ही फक्त पावसाचं बघतो, पाण्याच्या ऑफिसात जा. पाण्याच्या ऑफिसात विचारलं, घाण पाणी आमच्या लाईनमधनं वाहतंय का? नाही, गटारातनं. मग गटाराच्या ऑफिसात जा, लाईनबाहेर पडलेलं पाणी आम्ही ओळखत नाही. सोयराबाईंनी विचारलं, मग ते पाणी कुणाचं? कारकुनानं रजिस्टर चाळलं आणि सांगितलं, सध्या कुणाचंच नाही. बनशंकरी ते ऑफिस अशा पाच फेऱ्या झाल्यावर सोयराबाईंना पक्कं कळलं की या शहरात पावसाला धनी आहे, घाणीला धनी आहे, पण पावसाच्या गटारातल्या बिनपावसाच्या पाण्याला कुणी वाली नाही.

सुचेताला हे ऐकून फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी प्रॉपर कंप्लेंट ड्राफ्ट करते, ऑफिसातनं प्रिंट काढून आणते." आणली. भोकाभोकांच्या कडांच्या कागदावर, इंग्रजीत, अडीच पानं. पाण्याच्या ऑफिसातल्या कारकुनानं ती उलटसुलट करून पाहिली, कागदाच्या भोकांत पेनचं टोक घालून पाहिलं, आणि सांगितलं, कन्नडात आणा.

मुलगा उमाकांत होसकोटेच्या कारखान्यात पहाटेच निघून जायचा, आणि त्याचं कन्नड अक्षर डॉक्टरालाही वाचता आलं नसतं. सोयराबाईंना कन्नड बोलता फडाफडा यायचं, लिहिता मात्र आपलं नावसुद्धा नाही. मग त्या सरळ पवित्राच्या दारात गेल्या. शिवकुमार मुलांच्या वह्या तपासत बसला होता. गटाराची तक्रार लिहून दे म्हटल्यावर तो उठला, खुर्ची दिली, आणि मोत्यासारख्या अक्षरात दीड पान लिहून दिलं. नागरिकांचं आरोग्य, डासांचा उपद्रव, वृद्धांना होणारा त्रास. वृद्धांना हा शब्द सोयराबाईंनी खोडायला लावला. बाकी सगळं त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

आता या बाईला लाज कशी वाटली नाही, असं कुणाला वाटेल. सोयराबाईंच्या मते यात लाजेचं काही नव्हतं. तक्रार गटाराची होती, माणसाची नव्हती. माणूस त्यात पुढे आला, आणि तोही ऑफिसच्या नियमानं.

झालं असं, की कारकुनानं अर्ज एका छापील फॉर्मला टाचला. फॉर्मात खाली एक जागा होती: कोणाविरुद्ध. ती मोकळी सोडता येत नाही, तो म्हणाला. सोयराबाई म्हणाल्या, ते शोधायचं काम तुमचं. कारकून म्हणाला, नाव असल्याशिवाय आम्ही शोधत नाही. मागे रांग लांबलेली, घड्याळात एकला पाच कमी, एक वाजता खिडकी बंद. मागच्या माणसानं हातातल्या कागदानं पाठीला ढोसलं. सोयराबाईंच्या तोंडातून नाव निघून गेलं.

आठ दिवसांनी शिवकुमार फाटकापाशी आला. हातात नोटीस होती. पंधरा दिवसांत चुकीची जोडणी काढून तसं लेखी न कळवल्यास घराचं नळाचं पाणी तोडण्यात येईल. नोटिशीला तक्रारीची प्रत जोडलेली. वरच्या घराच्या दाराआड पवित्रा उभी होती, सातवा महिना लागलेला. देवनहळ्ळीहून तिची आई यायची होती, ओटीभरणाची तारीख काढलेली.

शिवकुमारनं आवाज चढवला नाही. तो कागद पुढं करून एवढंच म्हणाला, "अक्का, अक्षर माझं आहे."

अडचणीत सापडल्या की सोयराबाईंची जीभ आपसूक चालायची. "अक्षर चांगलंच आहे रे. पाणी घाण आहे."

तो गेला. त्या दिवशी सोयराबाईंनी दुपारचा चहा टाकून दिला आणि साखर कमी पडली म्हणून सुचेताला बोलल्या. साखर बरोबर होती. पवित्रानं घरी येऊन सांगितलं होतं की आमचं न्हाणीघर मधल्या लाईनला जोडलंय, चला, झाकण उघडून दाखवते. सोयराबाईंनी पाहायला नकार दिला होता. पोटुशी पोर भरल्या घड्यानं पाणी वाहणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. पण चित्र वेगळं आणि न्याय वेगळा. आता त्यांना पुरावा हवा होता, आणि तो नोटिशीची मुदत संपायच्या आत हवा होता.

पुराव्याची वाट सांगितली देवाप्पानं. पाण्याच्या ऑफिसात लाईनवर काम करणारा हा जुना माणूस, चिक्कोडीकडचा, मराठी-कन्नड दोन्हीला एकाच चुन्यात मळून बोलायचा. गल्लीच्या तोंडाशी भेटला तेव्हा त्यानं सांगितलं की घरात न्हाणीत रंग ओततात, आणि तो गटारात उतरला की घर सापडलं. ऑफिसातनं रंगाची पूड मागवायला अर्ज करावा लागतो, दसऱ्यापर्यंत येते. नोटिशीची मुदत सोमवारी संपत होती, आणि त्याआधीचा शुक्रवार वरमहालक्ष्मीचा. सोयराबाईंनी त्याचे आभार मानले आणि वाण्याकडे जाऊन कापडं रंगवायच्या पुड्या आणल्या. हिरवी, निळी, केशरी, जांभळी. वर चार घरं होती. जास्तीची एक गुलाबी घेतली, कमी पडली तर म्हणून.

वरमहालक्ष्मीच्या दिवशी बंगळुरात बायका एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जातात. दार उघडं असतं, तबक तयार असतं, कुणी कुणाला येऊ नको म्हणत नाही. अशा दिवशी परक्या न्हाणीघरात शिरायला याहून चांगली वाट नव्हती. शोधलेल्या घरचं हळदीकुंकू घ्यायचं नाही हा शब्द खरा, पण गुन्हा शाबीत होईतो घ्यायला हरकत नव्हती. आप्पाजींना फाटकापाशी खुर्ची टाकून बसवलं, मांडीवर वर्तमानपत्र, खिशात पेन. कोणता रंग आला, किती वाजता आला, लिहून ठेवायचं. आप्पाजींच्या चेहऱ्यावर कारखाना सोडल्यानंतर पहिल्यांदाच तेज आलं.

पहिलं घर पवित्राचं. पवित्रानं कपाळाला कुंकू लावलं, हळद लावली, ओटीत नारळ घातला. तिचा हात हलला नाही. सोयराबाईंना वाटलं होतं हलेल. त्यांनी पाय धुवायचं निमित्त काढलं, न्हाणीत गेल्या, हिरवी पुडी ओतली, तीन तांबे पाणी ओतलं. मग कमरेच्या पिशवीतली निळीही काढली आणि थोडी तीही ओतली, कारण नव्या न्हाणीघराचा भरवसा नाही.

दुसरं घर रेड्ड्यांचं. तिथं पाय धुवायचं निमित्त चाललं नाही, कारण पाय ओलेच होते. बाईंनी पोटाकडे हात नेला, आत गेल्या आणि उरलेली निळी ओतली. तिसऱ्या घरी पोचल्या तेव्हा त्यांच्या आधी बातमी पोचली होती. घरच्या बाईंनी कुंकू लावायच्या आधी न्हाणीघराचा दिवा लावला आणि दार उघडून धरलं. मग प्रेमानं विचारलं, साखर तपासली का अक्का? माझ्या सासूबाईंनाही असंच व्हायचं, सारखं जावं लागायचं. मेथीचं पाणी घ्या, अनशापोटी. सोयराबाईंचा जन्म गेला होता लोकांना सल्ले देण्यात. आपल्या मूत्राशयाविषयी कुणी सल्ला देईल हे त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. त्यांनी ओठ मिटून केशरी पुडी ओतली. चौथ्या घरी, कोपऱ्यावरच्या तहसीलदारांकडे, तहसीलदार स्वतः पुढं आले आणि म्हणाले, शरीरात वारा वाढला की असं होतं, उत्तरेकडे डोकं करून झोपत जाऊ नका. जांभळी पुडी तिथं गेली, अर्धी न्हाणीत आणि अर्धी रागानं भिंतीवर.

घरी परत येईपर्यंत सोयराबाईंचे तळहात चार रंगांचे झाले होते आणि कान पाचव्या. आप्पाजी खुर्चीवर ताठ बसलेले. वर्तमानपत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं: चार बावीस, काही नाही. चार सदतीस, काही नाही. चार बावन्न, काही नाही. पाच सात, काही नाही.

"हिरवा?"

"नाही आला."

"नीट बघितलंत का?"

आप्पाजींनी दुखावून चष्मा काढला. तेहतीस वर्षं सेकंद-काट्याकडे बघण्यात गेली होती त्यांची.

सोयराबाईंना हे पटलं नाही. चारही घरं चांगली कशी असतील? जगात चार घरं चांगली असतात का एका ओळीत? पण आता विचार करायला वेळ नव्हता. पाचनंतर बायका त्यांच्या घरी यायच्या होत्या, आणि हे रंगलेले हात घेऊन कुंकू लावता येणार नव्हतं. त्या मागच्या न्हाणीत गेल्या. साबण घासला, राख घासली. पिशवीतली जास्तीची गुलाबी पुडी घामानं फुटून ओली झाली होती, पिशवी, पदर, सगळं बरबटलेलं. त्यांनी पिशवी उलटी करून बादलीभर पाण्यात खळखळून धुतली आणि बादली ओतून दिली.

बाहेर फाटकापाशी पवित्रा, विमलाबाई, रेड्डीणबाई आणि तहसीलदारीण, चौघी तबकं घेऊन एकदमच पोचल्या होत्या. तेवढ्यात आप्पाजींचा आवाज आला. इतक्या वर्षांत सोयराबाईंनी त्यांना इतक्या जोरात बोलताना ऐकलं नव्हतं. "अगं, आला. पाच एकोणीस. गुलाबी."

सोयराबाई न्हाणीतनं ओरडल्या, "गुलाबी कुणाकडं टाकला होता?" आणि मग त्यांनी हातातल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा चौघी बायका गटारावर वाकल्या होत्या. फाटकाच्या लादीखालून, जिथून ती घाण महिनाभर येत होती तिथूनच, लग्नातल्या शालूसारखं गुलाबी पाणी वाहत होतं. विमलाबाईंनी नाकावरचा पदरही काढला. आप्पाजी लिहीत होते. सोयराबाईंना त्या क्षणी वाटलं की नोंद ठेवणारा नवरा देवानं कुणालाही देऊ नये.

विमलाबाईच शेवटी बोलल्या, आणि वाईट बोलल्या नाहीत. परवागिल्ला अक्का, म्हणाल्या, काही हरकत नाही, होतं असं, चला आत, कुंकू घेऊ या. सोयराबाईंनी फाटकाला आतून कडी लावली. बूथवर दहा जणींसमोर दिलेला शब्द होता. घाण ज्या घराची, त्या घरचं हळदीकुंकू बंद. त्यांनी चौघींना हात जोडले आणि परत पाठवलं. तबकातलं निरांजन तसंच विझलं, आणि नैवेद्याच्या पुरणपोळ्या घरच्या चौघांनीच खाल्ल्या. सुचेता काहीतरी बोलायच्या बेतात होती. आप्पाजींनी तिच्याकडे बघून मान हलवली.

शनिवारी सकाळी देवाप्पा आला. फाटकाची लादी उचलल्यावर गटाराच्या भिंतीत एक सिमेंटचा नळ दिसला, बाहेर आलेला. देवाप्पानं त्याच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"हा मीच घातला, अक्का," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशीला लाईन आली, तेव्हा."

देवाप्पा सांगू लागला. न्हाणी घराच्या मागं. मधल्या लाईनपर्यंत नळ न्यायचा तर एका बाजूला कातळ, फोडता न येणारा. दुसरी वाट सरळ देवघराखालून. देवाप्पानं तेव्हा विचारलं होतं. सोयराबाई म्हणाल्या होत्या, माझ्या देवांखालून असलं पाणी जाणार नाही. मग कुठनं नेऊ, अक्का? कुठनंही ने, मला सांगू नको. आणि त्याला चहा दिला होता, कपात, गड्यांना देतात तसा बशीत नाही. त्यानं नळ आडवा घेऊन गटारात सोडून दिला, वर लादी बसवली, आणि बारा वर्षं तिथं कुणी वाकून बघितलं नाही.

त्यांना आठवलं. चहासुद्धा आठवला.

मंगळवारपासून देवघराखाली खणायचं ठरलं. देव चार दिवस सुचेताच्या कपाटावर राहतील. पण सोमवारी शिवकुमारच्या घरचं पाणी तुटणार होतं. सोयराबाई त्याच शनिवारी दहा वाजता पाण्याच्या ऑफिसात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तक्रार मागं घ्यायची आहे. कारकून म्हणाला, इथं तक्रार आत येते, बाहेर जात नाही. दुसरा इलाज म्हणजे नाव बदलणं. मात्र त्याला नवा फॉर्म, सोबत कन्नडात अर्ज, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याची कबुलीची सही, आणि सोमवारी अकराच्या आत. तक्रार करणारी कोण, विचारलं. मी. आणि नवं नाव कुणाचं? माझंच. कारकुनानं पेन खाली ठेवलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भाव आला, आणि तो आश्चर्याचा होता. त्यानं वरच्या साहेबांना जाऊन विचारलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात याची मनाई नव्हती, कारण असं कुणी करेल हे पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

उमाकांत रविवारी घरी होता. तो म्हणाला, मी लिहून देतो, सावकाश लिहीन. सोयराबाई नाही म्हणाल्या. आईचा गुन्हा मुलानं लिहायचा नसतो. त्यांनी फॉर्म घेतला, इरकली नेसल्या, आणि वरच्या घराच्या पायऱ्या चढल्या.

शिवकुमार ओसरीवर वह्या तपासत होता. तो उठला आणि खुर्ची दिली. सोयराबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, तू लिहू नको, तू एकदा लिहिलंयस. पवित्राला बोलव. पवित्रा आली, पोटाला सांभाळत चटईवर बसली, मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद घेतला. सोयराबाईही खाली बसल्या, तिच्यासमोर, आणि सगळं सांगितलं, कातळासकट, देवघरासकट. चहाचं सांगितलं नाही.

पवित्रानं लिहिलं. मास्तरांच्या बायकोचंही अक्षर काही वाईट नव्हतं. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं. शिवकुमार यांच्या घरची जोडणी योग्य असून त्यांचा काही दोष नाही, नोटीस रद्द व्हावी, हे आधी. मग पुढं, आमच्या घराची जोडणी अज्ञानामुळे चुकीची झाली.

सोयराबाईंनी हात वर केला. "ते खोड."

"कुठलं, अक्का?"

"अज्ञान. दुसरी शिकले म्हणून अज्ञानी नाही मी. देवाप्पानं मला विचारलं होतं. हट्टानं केलं, असं लिही."

पवित्रानं पेन कागदावरून उचललं. मग हळूच म्हणाली, "अक्का, ऑफिसातले अज्ञान माफ करतात. हट्ट करत नाहीत."

"मी माफ करा म्हटलंय का कुणाला?"

पवित्रानं एक शब्द खोडला, दुसरा लिहिला. मग फॉर्म पुढं सरकवला आणि दोन जागी बोट ठेवलं. वर तक्रार करणाऱ्याची सही, खाली ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याची.

सोयराबाईंनी पेन मुठीत धरलं, पेन्सिल धरतात तसं, आणि मराठीत नाव काढायला घेतलं. पहिली सही वाकडीतिकडी आली, त्यातला र ओळीखाली घसरला. दुसऱ्या जागेपर्यंत हात बसला होता. ती सुरेख आली.